हांकेची हद्द

मराठी भाषेंत जवळीक दाखविण्यासाठीं ‘हांकेच्या अंतरावर’ असा एक जुना शब्दप्रयोग आहे. ज्याला हांक ऐकूं जाते तो शेजारी, आणि ज्याला ती ऐकूं जात नाहीं तो परगांवचा, इतका त्याचा अर्थ सरळ आहे. हें अंतर वाढविण्यासाठीं मनुष्यानें शतकानुशतकें खटपट केली. नौबत, तोफ, जासूद, डाक, तारायंत्र, टेलिफोन, रेडिओ आणि आतां प्रत्येकाच्या खिशांतील स्मार्टफोन हे त्या खटपटीचेच टप्पे होत. परंतु या टप्प्यांचा इतिहास सांगतांना त्याची एकच बाजू बहुधा पुढें येते. आवाज किती दूर पोहोंचला हें सर्व सांगतात. तो कोठें आणि कोणीं अडविला, हें सांगावयाचें राहून जातें.

हांकेला तीन प्रकारच्या हद्दी असतात. पहिली हद्द निसर्गाची. मध्यें डोंगर आला कीं आवाज थांबतो, आणि आवाजाप्रमाणेंच मोबाईलच्या बिनतारी लहरीही थांबतात. दुसरी हद्द मोलाची. यंत्र आहे, वाट आहे, पण पैसा नाहीं म्हणून बोलणें आवरतें घ्यावें लागतें. तिसरी हद्द आज्ञेची. यंत्र हातांत आहे, मोल देण्याची तयारी आहे, लहरींची वाटही मोकळी आहे. तरीही अमुक प्रदेशांत हें यंत्र हें काम करणार नाहीं, असें कोठेंतरी दूर ठरलेलें असतें. पहिली हद्द डोळ्यांना दिसते, दुसरी खिशाला कळते; तिसरी मात्र दिसत नाहीं, आणि ज्याच्या वाटेंत ती आडवी येते त्याला ती बहुधा अडचणीच्या घटकेसच प्रथम कळते.

रायगड जिल्ह्यांतील महाड व पोलादपूर हे दोन तालुके या तिन्ही हद्दींचा इतिहास पाहण्यास फार सोईचे आहेत. सावित्री नदी महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावून पोलादपुरावरून महाडास येते. तेथें तिला गांधारी मिळते, आणि पुढें बाणकोटच्या खाडीनें ती समुद्रास जाते. पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी आहे. पोलादपुराहून आंबेनळीचा घाट महाबळेश्वराकडे चढतो आणि महाडाहून वरंध घाट भोराकडे. एका खोऱ्यांतून दुसऱ्या खोऱ्यांत जावयाचें तर मध्यें एक डोंगराची सोंड ओलांडावी लागते, आणि जी वाडी सोंडेच्या पलीकडे असेल ती नकाशावर जवळ असूनही आवाजाला दूर असते. या डोंगराळ मुलखांत शेती थोडी, म्हणून येथील माणसें पोटासाठीं बाहेर पडलीं. कोणी मुंबईस गेलीं, कोणी फौजेंत शिरलीं, कोणी समुद्र ओलांडून आखाती देशांत गेलीं. हांकेची गरज ज्यांना सर्वांत अधिक अशा लोकांचा हा मुलूख आहे.

या भूमीनें दूरच्या हांकेचें मोल फार पूर्वीं ओळखलें होतें. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफझलखानाची भेट झाल्यावर गडावरून मिळालेल्या इशाऱ्यानें रानांत दबा धरून बसलेले मावळे बाहेर पडले, असें बखरकार सांगतात. ६ जून १६७४ रोजीं रायगडावर राज्याभिषेक झाला आणि हें खोरें एका स्वतंत्र राज्याच्या कारभाराचें केंद्र बनलें. गडागडांमधून जासूद धांवत. आणि त्याच वेळीं घाटांच्या तोंडाशीं चौक्याही असत, व दस्तक दाखविल्याशिवाय माल पुढें जात नसे. निसर्गाची हद्द तोडण्याचें साधन आणि आज्ञेची हद्द घालण्याचें साधन हीं दोन्ही त्या काळींही शेजारीं शेजारीं नांदत होतीं.

इंग्रजी अमदानींत या दुसऱ्या साधनाला कायद्याचें रूप आलें. १८८५ च्या तारायंत्राच्या कायद्यानें तारायंत्रें उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारनें स्वतःकडे घेतला. दुसऱ्या कोणास तें करावयाचें तर परवाना हवा. त्याच कायद्याच्या पांचव्या कलमानें सार्वजनिक आणीबाणी उद्भवली असतां अथवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठीं संदेश अडविण्याची सत्ता सरकारच्या हातीं दिली. पुढें १९३३ च्या कायद्यानें बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसतें जवळ बाळगणें हाही गुन्हा ठरला. पहिला कायदा झाला तेव्हां मनांत तारा आणि खांब होते. त्याची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदा व्हावयास २०२३ साल उजाडलें. मधल्या १३८ वर्षांत तारेचा टेलिफोन झाला, टेलिफोनचा मोबाईल झाला, मोबाईलचा छायाचित्रें आणि पैसे पाठविणारा स्मार्टफोन झाला. पण परवाना देण्याची आणि संदेश अडविण्याची सत्ता तशीच राहिली, व नव्या कायद्यांतही तिचा गाभा कायम आहे.

२३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस नभोवाणीचें केंद्र सुरू झालें. त्या काळीं रेडिओ ऐकण्यासाठींही वार्षिक परवाना काढावा लागे, आणि ही पद्धत स्वतंत्र भारतांतही १९८० नंतरच्या दशकापर्यंत चालली. १९४२ च्या चळवळींत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत गुप्तपणें काँग्रेस रेडिओ चालविला. तो कांहीं आठवड्यांतच, नोव्हेंबर १९४२ मध्यें, पोलिसांनीं पकडला. लहरींना भिंत नसते. ती लहरी सोडणाऱ्या हाताभोंवतीं उभारावी लागते, हें राज्यकर्त्यांनीं तेव्हांच ओळखलें होतें.

मुंबईचें केंद्र सुरू होण्यापूर्वीं चारच महिने, त्याच १९२७ सालीं, महाड येथें हद्द आणि हक्क यांचा एक फार मोठा प्रश्न उभा राहिला होता. तो यंत्रांचा नव्हता, पाण्याचा होता. सार्वजनिक पैशानें बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुल्या असाव्यात, असा ठराव सीताराम केशव बोले यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ च्या जानेवारींत त्यास अनुसरून चवदार तळें खुलें करण्याचा ठराव केला. कागदावर तळें सर्वांचें झालें. पण तीन वर्षें त्या पाण्यास हात लावण्याची सोय झाली नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं हजारों लोकांनीं तळ्यावर जाऊन पाणी घेतलें. त्यांच्यावर हल्ला झाला, प्रकरण कोर्टांत गेलें, आणि मुंबई हायकोर्टाचा अखेरचा निकाल लागावयास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडला. माणसाच्या माणुसकीचा तो प्रश्न आणि यंत्रांवरील बंधनांचा प्रश्न यांना एका मापानें मोजतां येणार नाहीं, व मोजूंही नये. परंतु महाडनें त्या वर्षांत देशाला दिलेला एक धडा सर्वत्र उपयोगी पडणारा आहे. एखादी सोय असणें, ती कायद्यानें खुली असणें, आणि ती तहानेच्या वेळीं ओंजळींत येणें या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

हा धडा ध्यानांत ठेवून या खोऱ्यांतून बाहेर पडलेल्या माणसांच्या मागें जावें. पहिली वाट मुंबईची. गिरण्यांच्या काळापासून महाड-पोलादपूरच्या पुष्कळ घरांचा कर्ता पुरुष मुंबईंत आणि बाकीचें कुटुंब गांवीं, अशी रीत पडली. शिमगा आणि गौरीगणपति हे दोन सण चाकरमान्याला घरीं आणीत. बाकीचें वर्ष मनिऑर्डर व पत्रावर जाई. ३१ जुलै १९९५ रोजीं भारतांत मोबाईल सेवेस आरंभ झाला. तिचे परवाने देण्यासाठीं सरकारनें देशाचे विभाग पाडले; त्यांस परिमंडळ अथवा सर्कल म्हणतात. मुंबई, नवी मुंबई व कल्याण यांचें एक स्वतंत्र परिमंडळ झालें. उरलेला महाराष्ट्र आणि त्यासमवेत गोवा यांचें दुसरें. दूरसंचाराच्या नकाशावर महाड अशा रीतीनें पणजीच्या घरांतलें झालें आणि परळ-लालबागला परकें झालें.

ही रेघ कोणीं दुष्टाव्यानें मारली नव्हती. १९८६ पासून मुंबईचे टेलिफोन महानगर टेलिफोन निगमाकडे होते आणि बाकीच्या महाराष्ट्राचे दूरसंचार खात्याकडे. शिवाय महानगराच्या परवान्याचें मोल वेगळें आणि डोंगराळ मुलखाच्या परवान्याचें वेगळें. हिशेबाच्या सोईसाठीं आखलेली ती रेघ होती. पण ज्या घराचें अर्धें अंग रेघेच्या अलीकडे आणि अर्धें पलीकडे होतें, त्याला तिचा जाच व्हावयाचा तो झालाच. आरंभीं गर्दीच्या वेळेस मिनिटाला १६ रुपये ८० पैसे असा दर होता, आणि ज्याला फोन येई त्यालाही पैसे पडत. येणारा फोन विनामूल्य होण्यास मे २००३ उजाडला. तरीही रोमिंग उरलेंच. मुंबईंत घेतलेलें सिमकार्ड कोंकणच्या रस्त्यानें दुसऱ्या परिमंडळांत शिरलें कीं यंत्रावर परक्या मुलखाची खूण उमटे, आणि स्वतःच्याच घराच्या ओटीवर बसून आलेला फोन घेण्यास चाकरमान्याला पाहुण्याचा दर द्यावा लागे. यांतून लोकांनीं आपल्या युक्त्या काढल्या. कोणी दोन परिमंडळांचीं दोन सिमकार्डें बाळगूं लागला. कोणी एकदां घंटा वाजवून फोन बंद करी, आणि त्या एका घंटेचा अर्थ घरच्यांनीं सुखरूप पोहोंचल्याचा घ्यावा असा संकेत असे. न उचललेल्या फोनची ही भाषा मोलाच्या हद्दीनें जन्मास घातली.

ही हद्द मात्र हळूहळू विरघळली. २००५ सालीं मुंबई व उर्वरित महाराष्ट्र यांच्यामधील संभाषण एकाच राज्यांतील संभाषण मानण्याचें सरकारनें ठरविलें. १ मार्च २००६ पासून सरकारी कंपन्यांनीं देशभर मिनिटाला एक रुपया असा दर आणला. २० जानेवारी २०११ पासून क्रमांक न बदलतां कंपनी बदलण्याची मुभा सर्व देशांत मिळाली, पण ती परिमंडळाच्या आंत. परिमंडळ ओलांडूनही तोच क्रमांक ठेवण्याची सोय ३ जुलै २०१५ रोजीं झाली. पुढें २०१६ व २०१७ या दोन वर्षांतील चढाओढींत मोठ्या कंपन्यांनीं देशांतर्गत रोमिंगचा जादा आकारही सोडून दिला. म्हणजे चाकरमान्याला आपल्या गांवीं पाहुणा ठरविणारी रेघ पुसण्यास सुमारें बावीस वर्षें लागलीं. रेघ आखणें हें एका आदेशाचें काम होतें. ती पुसावयास अनेक आदेश आणि बाजारांतील चढाओढ लागली.

दुसरी वाट फौजेची. महाड तालुक्यांतील आंबवडे हें गांव ‘फौजी आंबवडे’ या नांवानेंच ओळखलें जातें. पहिल्या महायुद्धांत या एका गांवांतून १११ जण गेले आणि त्यांपैकीं सहा जण कामास आले, असें तेथील स्मारक सांगतें. त्या युद्धांत फ्रान्समध्यें लढणाऱ्या हिंदी शिपायांचीं पत्रें तपासून मगच पुढें पाठविलीं जात. त्यासाठीं खास कचेरी होती. शिपायाच्या घरीं पत्र येणें आणि त्या पत्रांत मनांतलें सर्व येणें यांत अंतर असतें, हें या गांवांच्या आयाबायांना तेव्हांपासून ठाऊक आहे.

शंभर वर्षांनीं तेंच अंतर निराळ्या रूपानें समोर आलें. काश्मीरमध्यें मोबाईल सेवाच मुळीं २००३ सालीं सुरू झाली, आणि सुरक्षिततेच्या कारणास्तव इतर राज्यांतील प्रीपेड सिमकार्डें तेथें अनेक वर्षें चालत नसत. महाडास घेतलेलें कार्ड गोव्यापर्यंत आपलें, मुंबईस पाहुणें आणि काश्मिरांत मुकें, अशी स्थिति होती. ५ ऑगस्ट २०१९ रोजीं जम्मू-काश्मीरमधील दळणवळणाचीं साधनें मोठ्या प्रमाणावर बंद करण्यांत आलीं. शीघ्र गतीचें म्हणजे ‘फोर-जी’ इंटरनेट तेथें पूर्णपणें परत यावयास ५ फेब्रुवारी २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली. या काळांत, १० जानेवारी २०२० रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं इंटरनेट अनिश्चित काळापर्यंत बंद ठेवतां येणार नाहीं आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. हा दुसरा मुद्दा विशेष विचार करण्याजोगा आहे. आज्ञेची हद्द दिसत नाहीं, हाच तिचा मोठा दोष. न्यायालयानें निदान ती दिसावी, तिचें कारण वाचतां यावें आणि तिच्यावर दाद मागतां यावी, इतकी व्यवस्था सांगितली.

तिसरी वाट समुद्रापारची. महाड, माणगांव, म्हसळा व श्रीवर्धन या पट्ट्यांतील अनेक कुटुंबें, आणि त्यांत विशेषेंकरून कोंकणी मुसलमान कुटुंबें, आखाती देशांतील नोकरीवर उभीं आहेत. पत्र, मग महागडा ट्रंक कॉल, मग ठराविक मिनिटांचें कार्ड अशा पायऱ्या चढत हीं घरें स्मार्टफोनपर्यंत आलीं. २०१५ सालीं व्हॉट्सॲपवरून प्रत्यक्ष बोलण्याची सोय निघाली. इंटरनेटवरून जाणाऱ्या या बोलण्यास वेगळें मोल नव्हतें. मोलाची हद्द एका रात्रींत गळून पडल्यासारखें वाटलें. परंतु दुबईचें राज्य ज्यांत मोडतें त्या संयुक्त अरब अमिरातींत इंटरनेटवरील संभाषण केवळ परवानाधारक दूरसंचार कंपन्यांच्या मार्फतच व्हावें असा नियम होता. त्यामुळें तेथें व्हॉट्सॲपवरील मजकूर जाई, छायाचित्र जाई, ध्वनिमुद्रित निरोपही जाई. फक्त समोरासमोर बोलणें जात नसे. यंत्र तेंच, कंपनी तीच, सोयही तीच. मध्यें फक्त एका देशाची हद्द आली.

या बंधनाचा घराच्या व्यवहारावर होणारा परिणाम विचित्र होता. आई महाडांत बोलून ठेवी, मुलगा दुबईंत रात्रीं ऐके आणि उत्तर बोलून ठेवी. आई तें सकाळीं ऐके. आवाज आहे पण संवाद नाहीं, अशी ही जुन्या पत्रव्यवहाराचीच नवी आवृत्ति होय. ज्यांना प्रत्यक्ष बोलावयाचें असे ते परवाना मिळालेल्या सेवांना पैसे भरीत. आडवाटेनें जाणाऱ्यास मोठ्या दंडाची भीति असे. शेजारच्या सौदी अरेबियानें सप्टेंबर २०१७ मध्यें नियम पाळणाऱ्या इंटरनेट-संभाषण सेवांवरील बंदी उठविली, आणि २०२० च्या महासाथीच्या काळांत अमिरातींतही शाळा व कचेऱ्यांच्या कामापुरत्या कांहीं सेवा मोकळ्या झाल्या. यावरून या बंदीच्या मुळाशीं काय होतें याचा कांहीं उलगडा होतो. परवानाधारक कंपन्यांचें उत्पन्न राखणें आणि संभाषणावर राज्याची नजर ठेवणें हे दोन हेतु तिच्यांत एकत्र गुंफलेले होते.

चौथी वाट कोठेंच जात नाहीं; ती घरींच राहते, आणि तिच्यावरचा धोका सर्वांत मोठा आहे. सावित्रीच्या खोऱ्यांत पाऊस संकट घेऊन येतो तेव्हां तो प्रथम वाट तोडतो आणि मग वाचा तोडतो. जुलै २००५ मध्यें महाड तालुक्यांत दासगांव, जुई, रोहण व कोंडिवते येथें दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एस. टी. च्या दोन गाड्या व इतर वाहनें नदींत गेलीं. २८ जुलै २०१८ रोजीं आंबेनळी घाटांत दापोलीच्या कृषि विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरींत कोसळली; तीस जणांचा अंत झाला, आणि वांचलेला एकच मनुष्य दरी चढून वर आला तेव्हां जगाला ती वार्ता कळली. २२ जुलै २०२१ रोजीं महाड शहर पुरांत बुडालें असतां तालुक्यांतील तळिये येथें डोंगर खचून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेंही दरडी आल्या. रस्ते पाण्याखालीं, वीज बंद, मोबाईलचे मनोरे मुके. मदतीचीं मोठीं पथकें तळियेस दुसऱ्या दिवशीं पोहोंचलीं.

मनोरे मुके कां होतात, हें समजून घेण्यासारखें आहे. मोबाईल हा बिनतारी म्हणवितो, पण त्याचा बिनतारीपणा हातापासून मनोऱ्यापर्यंतच असतो. मनोऱ्याला वीज लागते; ती गेली तर कांहीं तास बॅटरी आणि मग डिझेलचें जनित्र. डिझेल रस्त्यानें येतें. रस्ता गेला कीं डिझेल थांबतें. मनोऱ्यापासून पुढें संदेश बहुधा जमिनींतून गेलेल्या काचतंतूच्या तारेनें जातो. ती तार रस्त्याच्या कडेनें आणि पुलाच्या अंगानें गेलेली असते. म्हणून पूल वाहतो तेव्हां त्याच्याबरोबर आवाजही वाहून जातो.

नेमक्या याच अडचणीवर एक उपाय जगांत निघाला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्यें अमेरिका व कॅनडा या देशांत ‘आयफोन १४’ या यंत्रावरून, मनोरा नसतांना, थेट उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठविण्याची सोय सुरू झाली. त्याच वर्षअखेरीस ती ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी व आयर्लंड येथें गेली, आणि पुढें आणखी देश वाढत गेले. तेंच यंत्र भारतांतही विकलें गेलें, पण ती सोय येथें उघडली गेली नाहीं. उपग्रह तर सह्याद्रीवरूनही जातात. त्यांच्या दृष्टीनें आंबेनळीची दरी आणि अमेरिकेंतील एखादी दरी सारखीच. अडसर होता तो आज्ञेचा. १८८५ व १९३३ च्या त्या जुन्या कायद्यांखालीं उपग्रहावरील फोन परवानगीवांचून बाळगतां येत नसे. डोंगर चढणारे परदेशी पाहुणे असें लहान संदेशयंत्र सवयीनें जवळ बाळगीत, आणि तेवढ्यावरून २०२४ सालीं त्यांच्यापैकीं कांहींना विमानतळावर पोलिसांस तोंड द्यावें लागलें.

येथें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती सांगण्याचा अधिकार याच जिल्ह्याला आहे. फेब्रुवारी १९९३ मध्यें श्रीवर्धन तालुक्यांतील शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकें उतरविलीं गेलीं, आणि १२ मार्च १९९३ रोजीं मुंबईंत झालेल्या स्फोटांत २५७ माणसें मरण पावलीं. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं समुद्रमार्गें मुंबईवर चालून आलेल्या हल्लेखोरांनीं उपग्रहावरील फोन वापरल्याचें तपासांत आढळलें. ज्या यंत्राचा आवाज देशांतील कोणत्याही केंद्रांतून जात नाहीं तें यंत्र राज्याला भयावह वाटावें, यांत नवल नाहीं. म्हणूनच भारतानें देशांत भूकेंद्र असावें, त्यामार्फतच संभाषण जावें, अशी अट घातली. २०१७ पासून भारत संचार निगमानें त्या रीतीनें उपग्रह फोनची सेवा दिली, आणि जून २०२५ मध्यें स्टारलिंक या परदेशी कंपनीसही अटींसह परवाना मिळाला. तेव्हां सीमा असावी कीं नसावी, असा हा वाद नाहीं. शेखाडीच्या किनाऱ्यासाठीं घातलेला अडसर तळियेच्या डोंगरावरही तसाच पडावा काय, असा खरा प्रश्न आहे. केवळ ‘वांचवा’ एवढाच संदेश ठराविक शासकीय केंद्राकडे नेणारी सोय आणि कोणाशींही गुप्तपणें बोलूं देणारा फोन यांच्यांत कायद्यानें भेद करतां येतो. इतर देशांनीं आपापल्या परीनें तो केला आहे.

सीमा आखण्याचें शास्त्र लोकांच्या बाजूनेंही वापरतां येतें, याचेंही एक उदाहरण आहे. ठराविक मनोऱ्यांच्या टापूंतील सर्व मोबाईलवर एकाच क्षणीं धोक्याची सूचना पाठविण्याची एक पद्धत आहे. तिला प्रत्येकाचा क्रमांक ठाऊक असावा लागत नाहीं. नकाशावर खोरें आखावें, आणि त्या खोऱ्यांतील प्रत्येक यंत्रानें मोठ्यानें वाजावें, इतकें तिचें काम. येथें प्रदेशाची मर्यादा हाच तिचा गुण ठरतो, कारण साऱ्या राज्यास वाजविलेली घंटा कोणीच ऐकत नाहीं. भारतांत तिच्या चांचण्या २०२३ सालीं झाल्या. २० जुलै २०२३ रोजीं सकाळीं अनेकांचे मोबाईल असे एकाएकीं वाजले. त्याच्या आदल्याच रात्रीं याच रायगड जिल्ह्यांत खालापूर तालुक्यांतील इरशाळवाडीवर दरड कोसळली होती. चांचणीचा तो दिवस आधींच ठरलेला असावा. पण दोन घटनांमधील तें कांहीं तासांचें अंतर ज्यांना आठवतें त्यांना ती घंटा साधी वाटली नाहीं.

अशीच आणखी एक सोय संकटांत फोन करणाऱ्याचें नेमकें ठिकाण आपोआप पोलिसांस कळविण्याची आहे. ती अँड्रॉइडच्या यंत्रांत पूर्वींपासून आहे. पण ती सुरू होण्यास त्या त्या राज्याच्या ११२ क्रमांकाच्या व्यवस्थेनें तिला जोडून घ्यावें लागतें. भारतांत हें प्रथम पूर्णपणें उत्तर प्रदेशानें, डिसेंबर २०२५ मध्यें केलें. येथें बंदी कोणाचीच नव्हती. हद्द पडली ती केवळ कोणत्या राज्याच्या कचेरीनें तार आधीं जोडली एवढ्यावर. घाटांत वाट चुकलेल्या मनुष्याला मात्र बंदीची हद्द आणि दिरंगाईची हद्द यांतील भेद कळावयाचा नाहीं.

या सर्व इतिहासाकडे एकत्र पाहिलें असतां असें दिसतें कीं तिन्ही हद्दी सारख्या हट्टी नाहींत. निसर्गाची हद्द यंत्रविद्येनें मागें रेटली. उपग्रहानें तर सह्याद्रीची उंचीही नाहींशी केली. मोलाची हद्द चढाओढीनें झिजविली. आज्ञेची हद्द आपोआप झिजत नाहीं. ती कोणीतरी कारण विचारल्यावर, आणि विचारीत राहिल्यावर, हलते. रोमिंगची रेघ पुसली गेली तेव्हां ती कोट्यवधि ग्राहकांच्या सोईची होती. घाटांतील एखाद्या वाडीची गरज तेवढ्या संख्येची नसते, म्हणून तिच्या वतीनें विचारणारा आवाज शहरांतील सुशिक्षित घरांतूनच निघावा लागतो. हीं घरें स्मार्टफोन विकत घेतांना त्याचा कॅमेरा पाहतात, किंमत पाहतात. तें यंत्र या देशांत, या राज्यांत, या खोऱ्यांत काय करणार नाहीं, आणि कोणाच्या सांगण्यावरून, हेंही विचारण्यासारखें आहे. पावसाळा दर वर्षीं जूनमध्यें सावित्रीच्या खोऱ्यांत येतो, आणि तो येण्यापूर्वीं कोणत्याही परिमंडळाचा नकाशा पाहत नाहीं.